हाडं पाठ करू नका, चाचपून बघा: शरीरातल्या दिशा आणि अक्षीय सांगाडा

पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्या तासाला मी एकच गोष्ट सांगते, "टाळूला हात लावा." निम्म्या मुली डोक्यावर हात ठेवतात. उरलेल्या तोंडात बोट घालावं की नाही या विचारात एकमेकींकडे बघतात. दोघीही बरोबर असतात. बाळाची भरतात ती टाळू डोक्यावरची आणि गरम चहाने पोळते ती तोंडातली. घरात यामुळे कुणाचं काही अडत नाही. पण केसपेपरवर "टाळूला जखम" एवढंच लिहिलं आणि ड्युटी बदलली, तर नंतर आलेली सिस्टर पेशंटचं तोंड उघडून बघत बसेल.

अ‍ॅनाटॉमीच्या परिभाषेचा सगळा खटाटोप याचसाठी आहे. एका जागेला एकच नाव, आणि ते नाव सगळ्यांसाठी सारखं. युरोपातसुद्धा एकेका अवयवाला देशागणिक वेगळी नावं होती. १८९५ साली बाझेल शहरात शरीररचनेच्या अभ्यासकांनी बसून एक यादी ठरवली. तिच्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि १९९८ साली ती नव्याने निघाली. आपण वापरतो ते लॅटिन शब्द तिथून आले.

नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) किंवा डीएमएलटीला (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. योग शिकवणाऱ्यांनाही उपयोग होईल. वाचताना चार गोष्टी जवळ ठेवा: आरसा, धुतल्यावर जाणारं स्केचपेन, हाडांचा सेट मिळाला तर तो, आणि पाठ दाखवायला तयार असलेली एक मैत्रीण. पुस्तक मिटूनच ठेवा.

आधी नीट उभे राहा

सगळ्या दिशा एका ठरलेल्या उभं राहण्यावरून मोजतात. शाळेतला "सावधान" आठवा आणि त्यात दोन बदल करा. पावलं कोनात न ठेवता सरळ समोर करा आणि हाताच्या मुठी सोडून तळवे पुढे फिरवा. नजर समोर. ही झाली अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन.

तळवे पुढेच का, हा प्रश्न दरवर्षी येतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तळवा पुढे असताना ती एकमेकांना समांतर असतात, मागे फिरवला की एक हाड दुसऱ्यावर आडवं चढतं. आत्ता करून बघा: डाव्या हाताने उजवं मनगट हलकं धरा आणि तळवा फिरवा, हाड सरकताना लागेल. आंगठ्याची बाजू कोणती आणि करंगळीची कोणती, यावर वाद नको म्हणून तळवे पुढे.

महत्त्वाचं म्हणजे पेशंट खाटेवर आडवा असो, पालथा असो की ऑपरेशनच्या टेबलावर पाय वर बांधलेला असो, तुम्ही मनातल्या मनात त्याला असंच उभं करायचं आणि मग दिशा सांगायची. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी चुकतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी स्वतः समोर बसलेल्या पेशंटच्या "उजव्या" बरगडीवर मुका मार लिहिला होता, म्हणजे माझ्या उजव्या हाताला दिसली ती. एक्स-रे काढणाऱ्या दादांनी फोन करून विचारलं, "मॅडम, दुखतंय कुठं आणि लिहिलंय कुठं?" तेव्हापासून लिहिण्याआधी मी पेशंटलाच उजवा हात वर करायला सांगते.

दिशांच्या जोड्या

या शब्दांचे अर्थ पाठ करण्यापेक्षा दोन जागा घ्या आणि वाक्य करा. एकटा शब्द काहीच सांगत नाही. कशाच्या मानाने, ते लागतंच.

सुपिरिअर म्हणजे डोक्याकडे, इन्फिरिअर म्हणजे पावलांकडे. नाक हनुवटीच्या सुपिरिअर आहे, आणि माणूस शीर्षासनात असला तरी सुपिरिअरच आहे. "वर" हा शब्द याच कारणाने कामाचा नाही. आडव्या पेशंटच्या बाबतीत "छातीच्या वर" म्हणजे गळ्याकडे की छताकडे?

अँटेरिअर म्हणजे पुढची बाजू, पोस्टेरिअर म्हणजे पाठीकडची. यांनाच व्हेंट्रल आणि डॉर्सल असेही शब्द आहेत. पावलाशी मात्र सांभाळा. पावलाचा डॉर्सल भाग म्हणजे वरचा, चपलेच्या पट्ट्याखाली येतो तो. तळव्याला प्लांटर म्हणतात.

मीडिअल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडे, लॅटरल म्हणजे तिच्यापासून दूर. आंगठा करंगळीच्या लॅटरल आहे. तळवे पुढे करून बघा म्हणजे पटेल. पायात उलट, तिथे आंगठा मीडिअल.

प्रॉक्सिमल आणि डिस्टल हे हातापायांसाठी. धडाला जिथे जोड आहे त्याच्या जवळचं ते प्रॉक्सिमल, लांबचं ते डिस्टल. कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल. सुपरफिशिअल म्हणजे कातडीकडचं, डीप म्हणजे आतलं. एकाच बाजूचं असेल तर इप्सिलॅटरल, विरुद्ध बाजूचं असेल तर कॉन्ट्रालॅटरल. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी झाली आणि उजवा हातपाय लुळा पडला, तर तो अर्धांग कॉन्ट्रालॅटरल.

सुपाइन आणि प्रोन यांच्यासाठी वेगळं काही शिकायला नको. उताणं आणि पालथं. मराठीत हे शब्द इतके नेमके आहेत की "बाळ पालथं पडायला लागलं" हे आजीचं वाक्य तसंच्या तसं बालरोगतज्ज्ञाच्या कागदावर जाऊ शकतं. तसंच "दंड" आणि "पोटरी". इंग्रजीतला "आर्म" बोलताना अख्ख्या हाताला लावतात, अ‍ॅनाटॉमीत मात्र तो खांद्यापासून कोपरापर्यंतच. आपल्याकडे तेवढ्याच भागाला दंड म्हणतात, त्यामुळे आपला गोंधळ तिथे कमी होतो. कोपर ते मनगट या भागाला मात्र रोजचा शब्द नाही, तिथे फोरआर्मच म्हणा.

भांग, हेअरबँड आणि पट्टा

शरीर मनातल्या मनात कापण्याच्या तीन रीती आहेत. मधोमध भांग पाडा आणि तीच रेषा नाकावरून, बेंबीवरून खाली नेत शरीराचे डावा-उजवा असे दोन भाग करा. हा सॅजिटल प्लेन. लॅटिनमध्ये सॅजिटा म्हणजे बाण, समोरून येऊन आरपार जाणारा. भांग अगदी मधोमध असेल तर मिडसॅजिटल. एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावा आणि तिथून सरळ खाली या: पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा. हा कोरोनल, म्हणजे मुकुटाचा. कमरेचा पट्टा ज्या आडव्या पातळीत असतो तो ट्रान्सव्हर्स. मुळ्याच्या चकत्या करतो तसा.

सीटी स्कॅनच्या चकत्या बहुतेक ट्रान्सव्हर्स असतात आणि त्या पेशंटच्या पायांकडून बघितल्यासारख्या मांडतात. म्हणून यकृत उजवीकडे असूनही तुमच्या डाव्या हाताला दिसतं. पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो.

ऐंशीचा हिशेब

प्रौढ माणसात २०६ हाडं. त्यातली ८० अक्षीय सांगाड्यात, म्हणजे शरीराच्या मधल्या खांबात, आणि १२६ उपांग सांगाड्यात, म्हणजे हातापायांच्या. ऐंशी अशी जमवायची: कवटी २२, दोन्ही कानांतली ६, गळ्यातलं हायॉइड १, कणा २६, बरगड्या आणि छातीचं हाड मिळून २५.

बीएएमएसच्या मुलांना इथे एक जादा अडचण असते. सुश्रुत संहितेत ३०० हाडं आहेत आणि चरक संहितेत ३६०. मग २०६ कुठून आली, असं ते विचारतात. मोजायचं काय, हे वेगळं होतं. चरकांच्या मोजणीत दात आणि नखंही आहेत. सुश्रुतांनी हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यातलं रुचक म्हणजे दात, आणि तरुण म्हणजे आज आपण ज्याला कूर्चा (कार्टिलेज, हाडाहून मऊ, लवचीक भाग) म्हणतो ते. आकारावरून हाडांची वर्गवारी करायची ही युक्ती मला आजही आवडते. नलक म्हटलं की नळीसारखं लांब हाड डोळ्यांपुढे येतंच.

परीक्षेत हमखास चुकतं ते वेगळंच. गळ्याखालचं आडवं हाड क्लॅव्हिकल, पाठीवरचं पंखासारखं स्कॅप्युला आणि कमरेचं हिप बोन ही तिन्ही धडावर असली तरी अक्षीय नाहीत. ती हातापायांना धडाशी जोडणारी आहेत, म्हणून उपांग. दोन हिप बोनच्या मधलं सेक्रम मात्र अक्षीय, कारण ते कण्याचा भाग.

कवटी: आठ आणि चौदा

आरशासमोर बसा. कवटीत मेंदूभोवतीची ८ हाडं आणि चेहऱ्याची १४. आठांपैकी सहा बोटांना लागतात.

कपाळावर तळवा ठेवा: फ्रंटल, एकच. तळवा भांगाच्या दोन्ही बाजूंना सरकवा: दोन परायटल. मागे डोकं उशीवर टेकतं तिथे एक टणक उंचवटा लागेल, तो ऑक्सिपिटलवरचा. कानाच्या वर आणि मागे: दोन टेम्पोरल. कानामागे खाली उतरणारं गोळ्यासारखं हाड लागतं ना, ते टेम्पोरलचंच टोक, मॅस्टॉइड. उरलेली दोन आत. त्यातलं स्फेनॉइड पंख पसरलेल्या वटवाघळासारखं, कवटीच्या तळाशी मधोमध बसलेलं, बाकीच्या सातही हाडांना टेकणारं. त्याच्या पाठीवर एक खळगा आहे, त्यात पिट्युटरी ग्रंथी बसते. खळग्याचं लॅटिन नाव "तुर्की खोगीर". हे खोगीर मात्र खोगीरभरतीचं नाही, शरीरातल्या बहुतेक हार्मोन्सचा कारभार तिथून चालतो. दुसरं एथमॉइड, म्हणजे चाळणीसारखं. नाकाच्या छताशी त्याला खरोखर चाळणीची भोकं असतात आणि त्यांतून वासाच्या नसा वर जातात.

हाडांच्या जोडांना सूचर म्हणतात. हेअरबँडच्या जागी कोरोनल, भांगाच्या जागी सॅजिटल. दिशा कळल्या असतील तर नावं आपोआप कळतात. या दोन रेषा भेटतात तिथेच बाळाची टाळू. लहान मुलाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, त्यामुळे मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची मऊ जागा राहते. साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती मिटते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांतच. तेल घालून टाळू "भरते" असं आपण म्हणतो, पण भरते ती हाड वाढून. हलक्या हाताने तेल लावायला कुणाची ना नाही, दाबू मात्र नये. नर्सने मात्र टाळूला हात लावायला शिकलंच पाहिजे. जुलाबांनी पाणी कमी झालेल्या बाळाची टाळू खोल गेलेली लागते, आणि बाळ शांत असताना ती फुगलेली लागली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.

आता कानशील. डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून मागे, कानाच्या थोडं वर. फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं तिथे भेटतात, जागेचं नाव टेरिऑन. हाड इथे पातळ आहे आणि आतून मेंदूच्या आवरणाची मोठी रक्तवाहिनी जाते. हेल्मेट न घालता पडलेला माणूस उठून बसतो, बोलतो, चहाही मागतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो, ते कित्येकदा इथलं हाड तडकून रक्त आत साचल्यामुळे. "कानशिलात लगावीन" ही धमकी मी तरी वर्गात देत नाही.

चेहऱ्याची चौदा पटकन सांगते. गालाची दोन, नाकाच्या बुडाची दोन, वरच्या जबड्याची दोन, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी अश्रूंची नखाएवढी दोन, तोंडातल्या टाळूच्या मागच्या भागातली दोन आणि नाकाच्या आतल्या वळकट्यांची दोन. या झाल्या सहा जोड्या. एकेकटी दोन: खालचा जबडा मँडिबल, आणि नाकाच्या पडद्यातलं व्होमर. व्होमर म्हणजे नांगराचा फाळ, आणि दिसतोही तसाच. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हाड पुढे सरकताना लागेल. कवटीच्या बावीसांपैकी हलणारं एवढं एकच.

कानातली सहा या बावीसांत धरत नाहीत. हातोडी, ऐरण आणि रिकीब, प्रत्येक कानात तीन. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. फाळ, खोगीर, चाळणी, ऐरण, रिकीब: नावं ठेवणाऱ्यांनी घर, शेत आणि लोहारशाळा यांपलीकडे पाहिलेलं दिसत नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलींना ही लॅटिन नावं मी अशीच सांगते, आणि त्यांच्या ती लगेच ओळखीची होतात.

हायॉइड

हनुवटीखाली, कंठाच्या उंचवट्याच्या वर, आंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंना हलकेच ठेवा आणि आवंढा गिळा. वर-खाली होणारं घोड्याच्या नालेसारखं हाड ते हायॉइड. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायू आणि बंधांवर नुसतं टांगलेलं आहे. शवविच्छेदनात हे हाड मोडलेलं सापडलं तर गळा दाबल्याचा संशय घेतात. त्यामुळे चाचपताना जोर नको.

कणा: सात, बारा, पाच

कणा २६ हाडांचा की ३३ मणक्यांचा, यावरून वर्गात भांडणं होतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, सेक्रमचे ५ आणि माकडहाडाचे साधारण ४ मिळून ३३. पण सेक्रमचे पाच जुळून एक हाड होतं आणि माकडहाडाचेही एक, म्हणून प्रौढात २६. लक्षात ठेवायला: सातला नाश्ता, बाराला जेवण, पाचला चहा.

नावं अक्षर आणि आकड्याने. मानेचे सर्व्हायकल सी १ ते सी ७, छातीमागचे थोरॅसिक टी १ ते टी १२, कमरेचे लंबर एल १ ते एल ५.

बाजूने बघितलं तर कणा सरळ नाही, त्याला चार वळणं आहेत. जन्मतः तो नुसता इंग्रजी "सी"सारखा वाकलेला. बाळाने मान धरली की मानेचं वळण येतं, बसायला आणि उभं राहायला लागलं की कमरेचं. "कणा ताठ ठेवा" असं योगवर्गात सांगतात तेव्हा ही वळणं सपाट करायची नसतात.

मैत्रिणीला स्टुलावर पाठमोरी बसवा आणि पेन घ्या. मान पुढे झुकवायला सांगा. मानेच्या बुडाशी ठळक वर येतो तो सहसा सी ७. खात्री हवी असेल तर त्यावर आणि त्याच्या वरच्यावर एकेक बोट ठेवून मान हळूच मागे न्यायला सांगा. सी ६ बोटाखालून आत निसटतो, सी ७ जागेवर राहतो. तिथे खूण करा. हात बाजूला सोडायला सांगून स्कॅप्युलाचं खालचं टोक शोधा, त्या पातळीला टी ७. आता दोन्ही हात कमरेवर, बाळाला कडेवर घेतो त्या हाडाच्या माथ्यावर ठेवा. दोन्ही माथे जोडणारी आडवी रेषा एल ४ वरून जाते. त्याखाली कमरेच्या मागे दोन खळ्या दिसतात, ती एस २ची, म्हणजे सेक्रमच्या दुसऱ्या मणक्याची पातळी. या चार खुणा झाल्या की मधले मणके मोजत जाता येतात.

एल ४ची रेषा नुसती परीक्षेपुरती नाही. प्रौढ माणसात मज्जारज्जू एल १ आणि एल २च्या आसपास संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सिझेरियनच्या आधी पाठीत भूल देणारे डॉक्टर हीच रेषा चाचपून एल ३-एल ४ किंवा एल ४-एल ५च्या मधे सुई घालतात. बाईच्या मनात भीती असते की सुई कण्यातल्या दोरीला लागेल. दोरी तिथे नसतेच, हे तिला शांतपणे सांगता आलं पाहिजे.

आता सुटा मणका हातात घ्या. जाड गोल भाग बॉडी, तो पुढे. मागे कमान, मध्ये मज्जारज्जूचं भोक, बाजूला दोन फाटे आणि मागे एक, तोच पाठीवर बोटाला लागतो. मणका कुठला हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. बाजूच्या फाट्यांत भोक आहे? मग मानेचा, प्रश्न संपला. नाही? मग बॉडीच्या कडेला बरगडी टेकायची गुळगुळीत खूण आहे का बघा. असली तर छातीमागचा. दोन्ही नाही, तर कमरेचा. मागचा फाटाही साक्ष देतो. मानेचा बहुधा टोकाला दुभंगलेला, छातीमागचा लांब आणि खाली झुकलेला, कमरेचा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा रुंद. प्लॅस्टिकच्या स्वस्त सेटमध्ये या खुणा पुसट असतात, म्हणून तिथे नखाने चाचपा. डोळा फसतो, नख फसत नाही.

पहिले दोन मणके वेगळेच. सी १ अ‍ॅटलासला बॉडी नाही, ती नुसती कडी आहे. ग्रीक कथेतला अ‍ॅटलास आकाश पेलतो, हा डोकं पेलतो. "हो" म्हणून मान हलते ती कवटी आणि अ‍ॅटलासच्या सांध्यात. सी २ अ‍ॅक्सिसला वर आलेला दातासारखा खुंटा आहे, जात्याच्या खुंट्यासारखा. त्याभोवती अ‍ॅटलास फिरतो आणि "नाही" म्हणता येतं.

मणक्यांच्या मधे २३ गाद्या आहेत, सी १ आणि सी २च्या मधे मात्र नाही. आपल्याकडे "मणक्यात गॅप आलाय" असं सर्रास म्हणतात. मी कित्येक पेशंटांना विचारलंय, "गॅप म्हणजे काय झालं?" उत्तर येतं, मणके लांब गेले. प्रत्यक्षात उलट असतं. गादी झिजली की दोन मणक्यांतली जागा कमी होते, म्हणजे मणके जवळ येतात. गादीचा आतला मऊ भाग बाहेर सरकून नसेला टेकला की पायात कळ जाते, त्याला लोक "नस दबली" म्हणतात, आणि ते बरोबर आहे. "गॅप" भरून काढायला कमरेला ओढ लावून घेणारे, पाठीवर पाय देऊन घेणारे मी पाहिले आहेत. दोष त्यांचा नाही, शब्दाचा आहे.

शेवटचं माकडहाड. ग्रीकांना त्यात कोकिळेची चोच दिसली, म्हणून कॉक्सिक्स. आपल्या लोकांना माकडाची शेपटी दिसली. मला आपलं नाव जास्त शास्त्रीय वाटतं.

छातीचा पिंजरा

छातीच्या मधल्या हाडाला स्टर्नम म्हणतात आणि तो कट्यारीसारखा आहे: वर मूठ मॅन्युब्रिअम, मधे पातं बॉडी, खाली टोक झिफॉइड. पोटाच्या खड्ड्यापाशी हे टोक काहींना पुढे आलेलं लागतं. आमच्या शेजारच्या काकू वजन उतरल्यावर एक दिवस घाबऱ्याघुबऱ्या आल्या, "अगं, इथं टणक गाठ आलीय." चाचपलं तर मधोमध, हाडाला सलग, न सरकणारी. झिफॉइडच होतं, चरबी उतरल्यामुळे हाताला लागायला लागलं इतकंच. तरी मी त्यांना डॉक्टरांना दाखवायला लावलंच.

बरगड्यांच्या १२ जोड्या, बाईला आणि पुरुषाला सारख्याच. वरच्या सात आपापल्या कूर्चेने थेट स्टर्नमला, आठवी ते दहावी वरचीच्या कूर्चेला, अकरावी-बारावी पुढे कुठेच जोडलेल्या नाहीत.

मोजायला पहिलीपासून सुरुवात करू नका, ती क्लॅव्हिकलखाली दडलेली असते. गळ्याच्या खळगीत बोट ठेवा आणि स्टर्नमवरून सरळ खाली या. साधारण ५ सेंटिमीटरवर एक आडवी कड लागेल, मूठ आणि पातं जुळतात ती. तिथून बोट बाजूला न्या. बोट थेट दुसऱ्या बरगडीवर येतं. तिच्या खालची फट दुसरी, कारण फटीला वरच्या बरगडीचा नंबर मिळतो. तशीच तिसरी, चौथी मोजत जा. ईसीजीचं व्ही १ हे इलेक्ट्रोड चौथ्या फटीत स्टर्नमच्या उजव्या काठाला लागतं, व्ही २ डाव्या काठाला, व्ही ४ पाचव्या फटीत क्लॅव्हिकलच्या मध्यावरून उतरणाऱ्या रेषेवर. अंदाजाने लावलेले व्ही १, व्ही २ बहुतेक वेळा एक-दोन फटी वर बसतात आणि आलेख भलताच दिसतो. सीपीआर देताना, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबताना, हात स्टर्नमच्या खालच्या अर्ध्यावर, झिफॉइडवर नाही.

सुटी बरगडी हातात दिली आणि "कुठल्या बाजूची?" असं विचारलं, तर मणक्याला टेकणारं डोकं मागे करा, वाकाचा खोलगट भाग आत करा, आणि आतल्या बाजूला जी खाच आहे ती खाली येऊ द्या. तिन्ही एकदम जुळतात ती बाजू. या खाचेतून शीर, धमनी आणि नस अशा तिघी दाटीने जातात. म्हणून छातीतलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून आत घालतात, वरच्या बरगडीच्या खालच्या काठाला कधीच नाही.

पेनाबद्दल पुन्हा सांगते, धुतल्यावर जाणारंच घ्या. एका वर्षी घाईत कुणीतरी फळ्यावरचा मार्कर समजून पक्क्या शाईचा उचलला आणि एका मुलीच्या पाठीवर सी ७पासून एल ४पर्यंत सगळे आकडे नीट, वळणदार अक्षरात लिहिले. दोन दिवसांनी तिच्या बहिणीची हळद होती आणि ब्लाउज पाठ उघडा असलेला. खोबरेल तेल, स्पिरिट, शेवटी हळदच, सगळं लावून झालं. टी ७ तेवढा फोटोत आलाच.